जीप तीच, पण आरसीतली नव्हे

वाचकाचं पत्र:

काका, नमस्कार. मी साखळीचा. २०२२ साली केप्याच्या एका गृहस्थांकडून १९९६ ची महिंद्रा एमएम ५४० घेतली. आरसी माझ्या नावावर झालेली आहे. त्यानंतर पगारातून थोडे थोडे पैसे घालून ती हवी तशी करून घेतली. टोयोटा क्वालिसचं २.४ लिटरचं डिझेल इंजिन आणि गिअरबॉक्स, पॉवर स्टिअरिंग, पुढे डिस्क ब्रेक, चार इंच लिफ्ट (म्हणजे गाडी तेवढी उंच केली), ३३ इंची टायर, लोखंडी बंपर, त्यावर विंच (अडकलेली गाडी दोरानं ओढायचं यंत्र), वर एलईडी बार आणि आत रोल केज, म्हणजे लोखंडी पाइपांचा पिंजरा. रंग पांढरा होता, तो ऑलिव्ह ग्रीन केला. आता नोंदणीची मुदत दोन महिन्यांत संपते. पासिंगला नेली, तर इन्स्पेक्टरनी बॉनेट उघडून बघितलं आणि परत पाठवली. एजंट म्हणतो, गाडी आणूच नकोस, चाळीस हजार दे, कागद घरी येतील. दंड भरून हे नियमित होतं का? इंग्लंडमधल्या एका माणसाची याहून जास्त बदललेली गाडी परीक्षा देऊन रस्त्यावर आलेली मी व्हिडिओत पाहिली. आपल्याकडे तशी सोय कुठे आहे? दर महिन्याला आईला चोर्ला घाटातून बेळगावला डॉक्टरांकडे नेतो. जीप पहिल्यापेक्षा नक्कीच सुरक्षित आहे. काय करू?

उत्तर:

तू सगळं सविस्तर लिहिलंस, पण एक गोष्ट राहिली. जीपचं जुनं इंजिन कुठे आहे? पुढचं बरंचसं त्यावर अडलंय, त्यामुळे हे वाचून झालं की आधी मेस्त्रीला फोन कर. शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडलेलं असेल तर तुझी जीप वाचली असं समज. भंगारात गेलं असेल तरी वाट आहे, पण ती लांबची आहे.

आरटीओ गाडी कशी बघतं, ते आधी लक्षात घे. तू जीपकडे बघतोस तेव्हा तुला दिसतं की आता ती चढाला दमत नाही, ब्रेक दाबल्यावर जागच्या जागी थांबते. इन्स्पेक्टर बघतो तेव्हा त्याच्यापुढे एकच प्रश्न असतो: समोर उभी असलेली गाडी आणि या कागदावरची गाडी एकच आहे का? मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ हेच सांगतं. आरसीतला तपशील आणि कंपनीनं मुळात ठरवून दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे आणखी पक्कं केलं. त्याआधी केरळ उच्च न्यायालयानं थोडी सैल भूमिका घेतली होती, ती त्या निकालानं रद्द झाली. रंग किंवा किरकोळ जोडणी यांना परवानगी घेऊन वाव आहे, गाडीच्या ढाच्याला नाही. तुझी जीप परत पाठवणाऱ्या माणसानं त्याचं काम केलं. त्याच्यावर राग धरू नकोस, कारण पुन्हा जायचंय ते त्याच्याकडेच.

व्हिडिओतला माणूस खोटं बोलत नव्हता. ब्रिटनमध्ये एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला मान्यता द्यायची व्यवस्था आहे, तिला आयव्हीए म्हणतात. जिची मूळ ओळखच उरलेली नाही अशा गाडीला तिथे ‘क्यू’ अक्षराची वेगळी पाटी मिळते. अनेक वर्षं तिथे गुणांची पद्धत होती. मूळ नंबर टिकवायला आठ गुण लागत. त्यांतले पाच चेसिसला होते आणि इंजिनाला फक्त एक. आपल्याकडे इंजिन नंबर म्हणजे गाडीची निम्मी ओळख. त्यामुळे तिकडचं पाहून इकडे हात घातलेल्या कितीतरी पोरांची गाडी इंजिनावरच अडकते. कुणी सांगेल की पुण्याला एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेकडे ने, ते प्रमाणपत्र देतील. तिथे चाचणी होते ती कारखान्याच्या नमुना गाडीची, किंवा किट बनवणाऱ्यांच्या किटची. साखळीच्या गॅरेजात बांधलेल्या एकट्या जीपला त्या दारातून आत जाता येत नाही. मला स्वतःला वाटतं की आपल्याकडेही एकेका गाडीची कडक तपासणी करून मान्यता द्यायची सोय व्हायला हवी. चांगलं काम करणाऱ्या मेस्त्रींना त्यानं मान मिळेल. पण तशी सोय आज नाही, आणि तुझी मुदत दोन महिन्यांवर आलीय.

आता इंजिनाकडे वळू. क्वालिसचं इंजिन उत्तम आहे यात वाद नाही, आणि एमएम ५४० मध्ये ते बसवणारा तू पहिला नाहीस. पण कंपनी वेगळी, मॉडेल वेगळं, म्हणून ते तुझ्या आरसीवर चढणार नाही. चढू शकतं ते त्याच बनावटीचं आणि त्याच प्रकारचं इंजिन, तेही आधी अर्ज करून, परवानगी हातात आल्यावर बसवलेलं. जुनं इंजिन मेस्त्रीकडे असेल तर ते खोलून बोअर, लायनर, रिंगा, नोझल, पंप सगळं तपासून घे आणि तेच परत बसव. नंबर आरसीतलाच राहील, नव्या नोंदीचा प्रश्नच येणार नाही. ते गेलं असेल तर त्याच जातीचं दुसरं इंजिन शोध. घेताना पक्कं बिल हवं आणि बिलावर इंजिन नंबर लिहिलेला हवा. ते ज्या गाडीतून निघालं तिचे कागद, निदान आरसीची प्रत, सोबत घे. बिलाशिवायचं इंजिन फुकट मिळालं तरी घेऊ नकोस. उद्या ते चोरीच्या गाडीचं निघालं तर उत्तर तुला द्यावं लागेल. मूळ इंजिन कुणाला विकलं असेल, तर त्याचाही माग काढ. तुझ्या आरसीतला नंबर कोरलेलं इंजिन दुसऱ्याच कुणाच्या गाडीत धावत असणं बरं नव्हे.

परतीच्या या कामात दोन गोष्टी मेस्त्रीच्या ध्यानातून हमखास सुटतात. पॉवर स्टिअरिंगचा पंप सध्या क्वालिसच्या इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतोय. ते इंजिन उतरलं की पंपाला जागाही नाही आणि पट्टाही नाही. जुन्या इंजिनावर त्यासाठी नीट ब्रॅकेट आणि पुली बसवावी लागेल, नाहीतर मूळचं स्टिअरिंग परत लाव. ब्रेकचंही तसंच आहे. डिस्क ब्रेकच्या बूस्टरला (पेडलचा जोर वाढवणाऱ्या भागाला) व्हॅक्यूम लागतो, आणि डिझेल इंजिनाला तो आपोआप मिळत नाही, त्यासाठी वेगळा पंप असतो. जुन्या इंजिनावर तो आहे का, चालतो का, हे रस्त्यावर यायच्या आधी बघ. बूस्टर मेला की पेडल दगडासारखं होतं. चोर्ल्याच्या उतारावर ते कळून उपयोग नाही. डिस्क आणि स्टिअरिंग ठेवायचं की नाही हे माझ्या हातात असतं तर मी ठेवलं असतं, कारण दोन्हींनी गाडी ताब्यात राहते. पण लपवून ठेवू नकोस. अर्जात लिही, बिलं जोड आणि इन्स्पेक्टरला दाखव. काढायला सांगितलं तर काढ.

यानंतर चेसिस नंबर. इंजिनाइतकाच वेळ याला दे. आपल्या हवेत मीठ आहे, चार महिने पाऊस आहे, आणि तुझ्यासारखे लोक जीप चिखलात घालतात. तीस वर्षांच्या चेसिसवरचा नंबर गंजाखाली अर्धा गेलेला असणं नवल नाही. क्वालिसच्या इंजिनासाठी नवे माउंट वेल्ड केले असतील तर त्या जागेजवळची पट्टी तापलेली किंवा घासलेली असू शकते. नंबराच्या जागेवर रॉकेलात भिजवलेलं फडकं रात्रभर ठेव. सकाळी पितळी तारेच्या मऊ ब्रशनं हळूहळू घास. ग्राइंडर जवळही आणू नकोस. तो गंजाबरोबर आकड्यांच्या कडाही नेतो, आणि मग ती जागा मुद्दाम घासल्यासारखी दिसते. जागा कोरडी झाली की पातळ कागद घट्ट धरून त्यावर पेन्सिल आडवी फिरव. पासिंगच्या वेळी घेतात ती पेन्सिल प्रिंट हीच. एकेक आकडा आरसीशी ताडून बघ. आठाचा तीन दिसतोय का, शून्य तुटलाय का, बी आणि आठ यांत गोंधळ होतोय का? नंबर वाचता येत नसेल तर आरटीओकडे अर्ज करून तो पुन्हा पंच करायची परवानगी घे. मेस्त्री म्हणेल, पाच मिनिटांचं काम आहे, मीच ठोकतो. त्याला ते करू देऊ नकोस. परवानगीशिवाय ठोकलेला आकडा आणि चोरानं बदललेला आकडा यांत बघणाऱ्याला फरक दिसत नाही, आणि मग प्रकरण आरटीओतून उठून पोलिसांत जातं.

चेसिस कापून लांबी कमी-जास्त केल्याचं तू लिहिलेलं नाहीस. तसं काही मागच्या मालकानं केलं असेल, तर मला पुन्हा लिही. त्यावर इथे सांगितलेला उपाय लागू पडणार नाही.

रंगाचं ऐकून तुला वाईट वाटेल, कारण तो तू हौसेनं दिला असशील. ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण दलांच्या वाहनांसाठी राखीव आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमानं बाकी कुणालाच तो देता येत नाही. जीपवाल्यांना नेमका हाच रंग आवडतो, आणि रंगवणारेही विचारत नाहीत. इथे अर्ज करूनही फायदा नाही. परत पांढरा कर, किंवा वेगळा रंग हवा असेल तर आधी आरटीओची परवानगी घे, मग रंगव, मग आरसीत नोंद करून घे. माझं ऐकशील तर सध्या पांढराच. एका वेळी जितके कमी बदल पुढे ठेवशील तितकं बरं.

लोखंडी बंपर काढ. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बार हे कलम ५२ चं उल्लंघन ठरवलंय. बाजारपेठेतल्या गर्दीत असा बंपर माणसाला लागला तर काय होतं, ते तुला वेगळं सांगायला नको. विंच आणि एलईडी बार त्याच्याबरोबरच उतरतील. रोल केज नटबोल्टवर असेल तर काढून ठेव. वेल्ड केलेला असेल तर तो ढाच्याचा भाग झाला, कापावाच लागेल. आणि एक सांगतो, डोक्यावर हेल्मेट नसताना उघड्या लोखंडी पाइपखाली बसणं धोक्याचं आहे. साध्या धडकेतही डोकं त्यावर आपटतं.

टायर आणि लिफ्ट यांच्याबद्दल मात्र तुझ्याशी सविस्तर बोलायचंय, कारण ‘जीप आता सुरक्षित आहे’ हे वाक्य मला खटकलं. चार इंच लिफ्ट म्हणजे गाडीचं वजन चार इंच वर गेलं. एमएम ५४० मुळातच आखूड आणि उंच गाडी. घाटातल्या वळणावर समोरून ट्रक आला आणि तू झटक्यात स्टिअरिंग फिरवलंस, तर पूर्वी जी गाडी नुसती झुकली असती ती आता कलंडू शकते. टायर मोठा झाला की स्पीडोमीटरही फसवतो. समज, २९ इंचांवरून ३३ वर गेलास, तर काटा ६० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ६८ नं धावते. त्यात मोठ्या टायरला थांबवायला ब्रेकला जास्त जोर लागतो, म्हणजे डिस्कनं मिळवलेलं थोडंफार टायरनं घालवलं. लिफ्ट काढ, कंपनीनं दिलेल्या मापाचे टायर घाल. आणि हे सगळं होईपर्यंत आईला या जीपमधून घाटात नेऊ नकोस. बेळगावला बस आहे, मित्राची गाडी मागता येईल, टॅक्सी परवडत नसेल तर चार घरांत विचार. इतक्या पत्रातली हीच एक गोष्ट मला आजच्या आज व्हायला हवीय.

विम्याचं तू काहीच लिहिलं नाहीस. तुझी पॉलिसी आरसीतल्या गाडीची आहे. अपघात झाला की सर्व्हेअर येतो, बॉनेट उघडतो, इंजिन नंबर आणि चेसिस नंबर कागदाशी लावून बघतो. कंपनीला न कळवता असा बदल केलेला असला की तुझ्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारायला तिला कारण मिळतं. त्याहून मोठा प्रश्न समोरच्या माणसाचा. तुझ्या गाडीनं कुणी जखमी झालं किंवा गेलं, तर त्या भरपाईला कायद्यात वरची मर्यादा नाही. विमा कंपनीनं त्या कुटुंबाला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश दावा प्राधिकरण देऊ शकतं. घरदार विकून फेडायची ती रक्कम असते.

म्हणून एजंटाचे चाळीस हजार स्वस्त नाहीत. नूतनीकरणाला गाडी दाखवावी लागते. न दाखवता झालेल्या कागदावर गाडी तपासल्याची खोटी नोंद असते, आणि अर्जावर सही तुझी असते, एजंटाची नव्हे. दुसऱ्या कुठल्या राज्यातून कागद आणून देतो असंही तो पुढे म्हणेल. तिथेही इंजिन हेच आणि कायदाही हाच. दंडाचं विचारलंस. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रत्येक बदलाला, हे लक्षात घे. तुझ्या यादीतले बदल मोजून बघ. आणि दंड भरल्यानं काही नियमित होत नाही, दुसऱ्या दिवशी तीच जीप पुन्हा अडवता येते.

मुदतीचं गणित असं. नूतनीकरणासाठी फॉर्म २५ मध्ये अर्ज करायचा असतो आणि मुदत संपण्याआधी साठ दिवसांच्या आत तो देता येतो. म्हणजे तुझी वेळ आलेलीच आहे. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपेक्षा जुन्या हलक्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी १०,००० रुपये झालीय. उशीर झाला तर दर महिन्याला ५०० रुपये वर. हा उशीर परवडण्यासारखा आहे. अर्धवट जीप घेऊन घाईनं जाण्यापेक्षा दोन महिने उशिरा पण पुरी करून ने. मात्र मुदत संपल्यानंतर ती रस्त्यावर चालवायची नाही, गॅरेजातून आरटीओपर्यंत टो करून न्यायची. तुझ्या जीपच्या काळातल्या गाडीला पीयूसी सहा महिन्यांचंच मिळतं. जुनं इंजिन बसल्यावर नवीन काढ. धूर जास्त निघाला तर नोझल आणि पंपाचं काम नीट झालेलं नाही. नूतनीकरण झालं की पाच वर्षांची निश्चिंती. जुन्या गाड्यांवरच्या बंदीच्या ज्या बातम्या येतात त्या दिल्ली आणि आसपासच्या भागाच्या आहेत, त्यांची धास्ती घेऊ नकोस.

जीप पुन्हा पासिंगला नेण्याआधी एक काम कर. बदल काढायला सुरुवात करायच्या आधी आरटीओत जाऊन काय काय मूळ स्थितीत हवंय ते लेखी मागून घे. तोंडी सांगितलेलं पुढच्या खेपेला दुसऱ्या इन्स्पेक्टरला माहीत नसतं. एका कागदावर तुझी यादी लिही, एक प्रत दे, दुसरीवर पोच घे.

मन होत नसेल, क्वालिसचं इंजिन ठेवायचंच असेल, तर मग ही जीप रस्त्याची नाही असं स्वतःशी मान्य कर. स्वतःच्या नाहीतर मित्राच्या कुंपणातल्या जमिनीवर चालव. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफरोडची मोठी स्पर्धा भरत आलीय, तिथल्या लोकांशी ओळख करून घे, त्यांच्याकडून शिकायला खूप मिळेल. जाता-येता जीप ट्रकवर चढवून न्यायची. गावाबाहेरचा कच्चा रस्ता म्हणजे खासगी जमीन नव्हे. लोकांना जायला-यायला मोकळी असलेली कुठलीही जागा कायद्यानं सार्वजनिकच. किनाऱ्यावर गाडी उतरवणाऱ्यांवर पोलीस गुन्हे नोंदवतात, आणि म्हादई अभयारण्यात तर चाक घालायचा विचारही नको. आरसी रद्द करायची घाई मात्र करू नकोस. एकदा रद्द झालेली नोंदणी परत मिळवणं फार जड जातं, आणि दोन वर्षांनी तुझं मन बदलू शकतं.

क्वालिसचं इंजिन उतरल्यावर ते शेडमध्ये गंजत ठेवू नकोस. क्वालिस आपल्याकडे २००० ते २००५ या काळात विकली गेली. त्यांतल्या ज्या अजून चालतायत त्यांच्या मालकांना चांगलं इंजिन हवं असतं, आणि त्यांच्या आरसीवर ते रीतसर परवानगी घेऊन चढूही शकतं. लिफ्टचे आणि टायरचे पैसेही थोडेफार सुटतील. इंजिन विकताना घेणाऱ्याच्या गाडीच्या आरसीची प्रत घे आणि बिलावर इंजिन नंबर, तारीख आणि दोघांच्या सह्या असू देत.